हापशाचं तीर्थ

१२ मार्च १९९१, रुपये तीनशे अठरा आणि पन्नास पैसे. ऑइल पेंट लाल, दोन ब्रश, टर्पेंटाइन. मी तेव्हा तालुक्याच्या पाणीपुरवठा कार्यालयात लेखा लिपिक होतो आणि हे व्हाउचर माझ्याच हातचं आहे. त्यात एक चूक आहे. डब्यातला रंग लाल नव्हता. दुकानात लाल संपला होता, दुकानदार म्हणाला, "हा शेंदरी घ्या साहेब, लालच्या जवळचाच आहे." मी घेतला. द्वारकाबाईंची ओळख या चुकीमुळे झाली.

पिंपळगाव रेणुकाईच्या पलीकडे दोन कोसांवर वाघजाळ नावाची चाळीस घरांची वस्ती आहे. तिथला हापसा दोनशे फूट खोल, पाणी नितळ, मे महिन्यातही न आटणारं. तपासणीत मात्र त्यात फ्लोराइड जास्त निघालं. ते कुणी मिसळलेलं नव्हतं. खोल खडकात पाणी वर्षानुवर्षं कोंडून राहतं आणि खडकातलं फ्लोराइड त्यात उतरतं. असं पाणी पिणाऱ्या मुलांचे दुधाचे दात पडले की नवे येतात ते तपकिरी डाग घेऊनच, आणि ते डाग घासून जात नाहीत. असे हापसे लाल रंगवायचे, म्हणजे लोक ते पाणी पिणार नाहीत, असा आदेश होता. वाघजाळचा हापसा आम्ही त्या शेंदरी रंगाने रंगवला.

महिन्याभराने मी पाहणीला गेलो. हापशाला हळदकुंकू लावलेलं, दांड्याला झेंडूचा हार, खाली नारळाच्या करवंट्या. बायका चपला काढून हापसत होत्या आणि घागरी पूर्वीपेक्षा जास्त भरत होत्या.

पन्नाशीची एक ठेंगणी बाई कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती.

"तुम्हीच का हा देव बसवून गेल्ते?"

"देव नाही, बाई. पाणी खराब आहे, म्हणून खूण केली."

"खराब हाय म्हणून शेंदूर? मंग चांगलं असतं तर डांबर फासलं असतं का?"

मी रंगाची हकीकत सांगितली. त्यांनी ती नीट ऐकून घेतली, मग जवळच्या एका मुलीचा ओठ अंगठ्याने वर केला. दात चहाच्या कपातल्या डागासारखे. "ही कौसल्या. बोलताना तोंडावर हात धरती. अन् हा वसंता, याचे दुधाचे अजून पडायचेत. याला धरून असे दुधाच्या दातांचे आठ लेकरं हायेत वस्तीत. आठी माह्याच हातावर आले. यांच्या दातांचं काय ते सांगा."

याच द्वारकाबाई, वस्तीच्या सुईण. मी म्हणालो, जुन्या आडाचं पाणी तपासणीत चांगलं निघालंय, तो उपसून घ्या. आणि हापशाचा रंग खरवडून लाल लावून देतो.

"देव खरवडता? वस्तीतून धड बाहेर पडायचं न्हाई का तुम्हाला?"

त्या हापशाकडे वळल्या. मग हापसणाऱ्या तुळजाबाईंना त्यांनी हाक मारली.

"काय गं तुळजे, देवळात तीर्थ किती घेती?"

"पळीभर. का बरं?"

"मंग हे घागरीनं घेऊन राह्यली ते? देवाचं तीर्थ अन् तू त्याच्यात भाजी शिजवती."

तुळजाबाईंचा दांडा थांबला. "मंग प्यायला काय आणायचं, मावशी?"

"आडाचं. प्यायला बी अन् रांधायला बी. हे तळहातावर घ्यायचं, डोळ्याला लावायचं, बस."

"आडाला दोर न्हाई."

"दोर मी आणते."

पुढच्या बाजाराला त्या जीपने जाफराबादला गेल्या, दोर आणि पोहरा घेऊन आल्या. आड वस्तीने तीन दिवसांत उपसला. ब्लीचिंग पावडर मी पोचवायचो, टाकायच्या त्या. पण सवय एका दिवसात सुटत नाही. कुणी हापशावरून भरली घागर घेऊन निघालं की त्या ओट्यावरून विचारायच्या, "आज किती पळ्या नेल्या?" बाई लाजून घागर गुरांच्या हौदात ओतायची. असं त्यांनी दोन वर्षं केलं. बाळंतपणाला गेल्या, तरी आधी त्या घरचा रांजण कुठल्या पाण्याने भरलाय ते विचारायच्या, मग आत पाऊल टाकायच्या.

१९९७ साली मी मुद्दाम गेलो. त्यांनी आठही मुलांना ओट्यावर बसवून तोंडं उघडायला लावली. सात जणांचे दात पांढरे. वसंताच्या पुढच्या दोन दातांवर डाग होते.

"हा लबाड. शेतातल्या बोअरचं प्यायचा," त्या म्हणाल्या. मग त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. "तिथं मी कुठवर बसू?"

दोर आणि पोहऱ्याला बेचाळीस रुपये लागले होते. पावती नसल्याने कार्यालयातून ते मंजूर झाले नाहीत. मी खिशातून देऊ केले तर त्यांनी घेतले नाहीत. "राहू द्या. फिटले तर तुम्ही कशाला येताल इकडं?" नंतर दोनदा देऊन पाहिले, दोन्ही वेळा चहा पाजून परत पाठवलं.

मी पुढच्या मे महिन्यात निवृत्त होतो आहे. द्वारकाबाईंचे बेचाळीस रुपये देणे बाकी आहे.