वहिनींचा डावा गुडघा आणि ऑटोमॅटिक मसल कार

किया ओरा, म्हणजे इथल्या भाषेत नमस्कार, मंडळी. आज सकाळी रेसिंग ट्रॅकवर जे पाहिले, ते अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

रोटोटुना उपनगरात राहणाऱ्या माझ्या वहिनी अनेक वर्षे मॅन्युअल मसल कार, म्हणजे हाताने गिअर बदलायची दणकट इंजिनाची गाडी, ट्रॅकवर पळवत आल्या आहेत. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मात्र डाव्या पायाला क्लच झेपेना. आज त्याच मॉडेलची ऑटोमॅटिक गाडी चालवून पाहायची आणि मन रमले नाही, तर ट्रॅक कायमचा सोडायचा, असे त्यांनी ठरवले होते. मी शेजारी बसलो.

मॅन्युअलमध्ये वळणाआधी ब्रेक, क्लच, गिअर आणि किंचित ॲक्सिलरेटर हे सारे एकदम सांभाळावे लागते. ऑटोमॅटिकमध्ये गिअरबॉक्स स्वतःच खालच्या गिअरमध्ये येतो. वहिनींचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि नजर वळणाच्या पार पलीकडे. एवढी अवजड गाडी त्यांनी अगदी अलगद वळवली.

लॅपची, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीची, वेळ त्यांच्या आजवरच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा कमी आली.

“भाऊजी, हे कौतुक गाडीचं. त्यात माझं काय?” त्या म्हणाल्या.

“गिअर गाडीने बदलले. पण ब्रेक तुम्ही पूर्वीपेक्षा उशिरा दाबलात. तो निर्णय तुमचा.”

त्यांनी हेल्मेट काढले. “म्हणजे इतकी वर्षं मी गिअरसाठी लवकर ब्रेक मारत होते?”

मग हेल्मेट पुन्हा चढवत म्हणाल्या, “उतरा आता. तुमचं वजन नडतंय.”

तुमच्यापैकी कोणी असा बदल केला आहे का? क्लच सुटल्यावर ट्रॅकवर आधी न दिसलेले काय दिसू लागले?