साळवे सरांचा सोमवार

आदरणीय शमुवेल साळवे सरांची आणि माझी पहिली भेट आमच्या तलवाड्याच्या घरी झाली. बीडच्या आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाचे ते प्रमुख. मला उन्हाळी शिबिराला पाठवावं, हे वडिलांना सांगायला ते भर दुपारी मोटारसायकलवर आले होते. वडिलांनी अंगणातच विचारलं, "तरणी पोर कावून धाडायची बाहेरगावी?" सरांनी वाद घातला नाही. चहा घेतला, ज्वारीची चौकशी केली आणि निघून गेले. काही दिवसांनी पुन्हा आले, या खेपेला पत्नी मार्थाकाकूंना घेऊन. त्यानंतर परत आले तेव्हा वडीलच म्हणाले, "न्या बाबा एकदाची, न्हाईतर तुमी इथंच ऱ्हायला याल." मी शिबिराला गेले, आणि आज त्याच संघाचं काम पाहते.

सरांच्या घरभेटी साऱ्या मंडळीला ठाऊक आहेत. ते पेशाने शिक्षक. शाळा सुटली की गाडीला किक. पालीत कुणाचा मुलगा कॉलेज सोडून बसला, गेवराईत कुणाचं लग्न मोडलं, सर हजर. वर गायनसंघाची तालीम, बायबलच्या वचनपाठाची स्पर्धा, आजाऱ्यासाठी प्रार्थना. बोलावलं आणि सर आले नाहीत, असं कधी घडलं नाही. आम्ही त्याचं भरभरून कौतुक केलं. सरांना घर आहे, हे मात्र त्या कौतुकात कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

काम कोणत्या दिशेने न्यायचं, हे सरांना आमच्यापेक्षा लवकर उमगलं होतं. आमच्या संघातली निम्मी मुलं दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात, ती पाडव्याच्या सुमारास परततात. तरीही तरुणांचा मेळावा वर्षानुवर्षं नाताळातच भरत असे. तो उन्हाळ्यात न्यावा, असं सरांनी सुचवलं तेव्हा वडीलधारी मंडळी चिडली. "नाताळात मेळावा न्हाई, मंग नाताळ कसला?" सर शांतपणे म्हणाले, "पोरं उसात हायेत. मेळावा काय खुर्च्यांचा घ्यायचा?" मेळावा उन्हाळ्यात गेला. सरांनी मात्र नाताळात उसाच्या फडांवर जाऊन मुलांना भेटायचं नवं काम अंगावर घेतलं. एक ओझं उतरवायचं आणि दुसरं उचलायचं, ही त्यांची खोडच होती.

वर्षाचं नियोजन करायला आम्ही चर्चच्या व्हरांड्यात जमलो होतो, तो रविवार मी विसरू शकत नाही. सर फळ्यावर घरभेटींचे वार लिहीत होते. सोमवारी पाली, मंगळवारी गेवराई, असं करत आठवडा भरला. "कुणाचं घर ऱ्हायलं का?" त्यांनी विचारलं. मागच्या रांगेतून त्यांची मुलगी रुथ हिने हात वर केला. ती माझी मैत्रीण, बारावीत होती.

"सर, आमच्या घरी कधी येनार?"

सगळे हसले. सरही हसले. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि ती हसत नव्हती. सरांनी डस्टर घेऊन सोमवार पुसला. काही लिहावं म्हणून खडू उचलला, आणि तसाच खाली ठेवला. प्रार्थना त्या दिवशी दुसऱ्यानेच केली.

तिथून सर बदलले. घरभेटी संघातल्या आम्हा तिघांत वाटून दिल्या. नवीन उपक्रम कुणी सुचवला, की ते आधी विचारत, "याच्या बदल्यात काय बंद करायचं?" सोमवारी ते कुठेच जात नसत. आमच्यापैकी कुणी दमल्यासारखं दिसलं, की हक्काने दटावत, "घरी जा बे, देवाचं काम पळून न्हाई जात." आज संघात इतकी वर्षं टिकलेली माणसं दिसतात, त्यामागे ही शिस्त आहे. पण त्याच वर्षी जूनमध्ये रुथ नर्सिंगसाठी सोलापूरला गेली, तिथेच नोकरीला लागली, तिथेच संसाराला. मी सोमवारी कधी डोकावले, तर सर अंगणात खुर्ची टाकून बसलेले असत. मला एकदा म्हणाले, "सुवर्णा, न्हाई म्हनायला मी लई उशिरा शिकलो."

सरांच्या षष्ट्यब्दीनिमित्तच्या या अंकासाठी मी रुथला फोन केला. वडिलांची एखादी आठवण लिहून दे, म्हटलं. ती अगदी सहज म्हणाली, "पप्पांच्या आठवणी तुमच्याकडंच जास्त हायेत गं. तूच लिही." आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

सर आणि मार्थाकाकू आता सोलापूरला, रुथच्या घराजवळ राहायला जात आहेत. परवाच्या बैठकीत कुणीतरी लगेच म्हणालं, "मे महिन्याच्या शिबिराला सरांना बोलवून घेऊ, ते न्हाई म्हननार न्हाईत." ते खरंच नाही म्हणाले नसते. म्हणून त्यांच्या वतीने मीच नाही म्हटलं.

सरांना परमेश्वराने उदंड, निरोगी आयुष्य द्यावं. आणि या वेळी ते आयुष्य मी आमच्यासाठी मागत नाही. ते रुथला मिळावं.