मेन पाडलं होतं

माझे बाबा जुने वायरमन. त्यांची एक सवय साऱ्या वस्तीला ठाऊक आहे. कोणाच्याही घरी काम असो, आधी मेन पाडायचं, फ्यूज उपसायचा आणि शर्टाच्या खिशात टाकायचा. "फ्यूज माझ्या खिशात, तोवर यमाले सुट्टी," असं म्हणायचे. आणि खरंच, इतक्या वर्षांत त्यांना साधा झटकाही बसला नाही.

मी सोलरचा कोर्स केला. कूलरच्या बिलाला वैतागून आता नागपुरात जो तो गच्चीवर सोलर लावून राहिला आहे, त्यामुळे मला कामाचा तोटा नाही. बाबांचं काम मात्र आटलं होतं. मीच म्हटलं, चला माझ्यासोबत. मोठ्या तोऱ्यात म्हटलं. पण एक गोष्ट सांगायची राहिली. मेन पाडलं की घरातली लाइन मरते, गच्चीवरच्या पॅनेलची मरत नाही. ऊन आहे तोवर पॅनेल वीज बनवतच राहतं, आणि त्या वायरीत माणूस मारायला पुरेल इतकी वीज असते. मेन पाडून सूर्य थोडाच बंद होतो.

त्या दिवशी शहराच्या टोकाला बेसाकडच्या एका घरी वानरांनी वायर कुरतडली होती, ती बदलायची होती. बाबांनी खाली मेन पाडलं, फ्यूज खिशात टाकला. तेव्हाच सांगणार होते मी. पण घरमालक काका शेजारीच उभे, बाबांना चहाचा आग्रह करत होते, त्यांच्या जुन्या कामाची तारीफ करत होते. त्यांच्यासमोर बापाला शिकवायचं? जीभच उचलली नाही. म्हटलं, वर गेल्यावर सांगू. डोंबलाचं सांगू. वर पोचलो तर कनेक्टर गाडीच्या डिक्कीतच राहिलेले, म्हणून मी उलट्या पावली खाली पळाले.

परत आले तर बाबा पॅनेलमागे उकिडवे बसलेले, आणि दोन्ही वायरी एकत्र धरून त्यांनी पक्कड लावलेली. मे महिन्यातलं सकाळी अकराचं ऊन. ओरडले तर ते दचकतील, हात सरकेल. नाही ओरडले तर कापतील. तेवढ्यात फाडकन आवाज झाला, निळा-पांढरा जाळ उठला आणि पक्कड खाली पडली. तिचं तोंड वितळलं होतं.

बाबांना काही झालं नाही. पक्कडीच्या मुठीवर रबर होतं म्हणून. पण माझा खरा जीव गेला तो त्यानंतर. "इन्व्हर्टरच्या मशीनमधला उरलेला करंट दिसते," असं पुटपुटत त्यांनी लोंबणाऱ्या उघड्या टोकांकडे बोटं नेली. अगदी बिनधास्त, आजवर हजार वायरींकडे नेली असतील तशी.

"बाबा, हात मागे घ्या." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"काहून वं? मेन पाडलं ना मी."

"मागे घ्या म्हणते ना. चालू आहे ते. आत्ता चालू आहे."

बोटं थांबली. मध्ये वीतभरही अंतर नव्हतं. मग हात हळूहळू मागे आला. मी सामानावरची ताडपत्री ओढली आणि चारही पॅनेलांवर टाकली, तिचा कोपरा तीनदा सुटला. "ऊन झाकलं की करंट थांबते," मी म्हटलं, आणि मग सगळं सांगितलं. चार वाक्यं झाली. एवढंच तर होतं सांगायचं.

बाबा त्या पक्कडीकडे पाहत राहिले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. माझ्या बापाला भ्यालेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

"तुले हे माहीत होतं?"

"हो."

"मंग मले सांगितलं काहून नाही?"

ते चिडले असते तर बरं झालं असतं. चिडले नाहीत, साधं विचारलं.

"खाली ते काका उभे होते ना," मी म्हटलं.

बाबा म्हणाले, "तेवढ्यासाठी?"

मला रडू कोसळलं. हो, तेवढ्यासाठीच मी माझा बाप घालवायला निघाले होते.