बंद घड्याळाचे आठ सेकंद

आमच्या तळमजल्यावर घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ राहतात. अख्खी इमारत त्यांना लंबकराव म्हणते. ‘चहा घेणार का?’ एवढं विचारलं, तरी त्यांचं उत्तर हो आणि नाही यांच्यामध्ये तीन झोके खातं. घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान. खिडकीशी टेबल, टेबलावर वाकलेला दिवा, डोळ्याला भिंग. भाजी आणायला जाता-येता मी त्या खिडकीशी थांबते. पाच मिनिटं म्हणून थांबते, तोवर पालेभाजी मान टाकते.

लंबकरावांसारखा भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पण गेली तीन वर्षं त्यांना जी भीती लागली होती, ती नेहमीची नव्हती. त्यांना घड्याळाची टिकटिक ऐकू येईनाशी झाली होती.

माणसांचं बोलणं ऐकू यायचं, जरा चढ्या आवाजात असलं तर. बारीक आवाज मात्र गेले होते. घड्याळजीचं निम्मं काम कानाने चालतं. गिऱ्हाइकाचं घड्याळ कानाला लावायचं, डोळे मिटायचे आणि ‘लंगडतंय’ म्हणायचं, हा त्यांचा चाळीस वर्षांचा रुबाब. आता ते कानाला लावत, डोळे मिटत आणि अंदाजाने बोलत. हे बाहेर कळलं तर घड्याळ कोण देणार? आणि बायकोला कळलं, तर ती दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावायला सांगेल, अशी त्यांची खात्री.

बायको म्हणजे आमची अक्का. ग्रंथालयात देवघेवीच्या टेबलावर पंचवीस वर्षं बसते. तिथे हळू बोलायची इतकी सवय झालीय की घरातही ती पुस्तकं झोपली असल्यासारखी बोलते. ती माझ्यापाशी रडायची, “दहा वाक्यं बोलले तर एक ‘हं’ येतं गं. मला कंटाळलेत ते.”

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी लंबकरावांनी शपथ घातली होती म्हणून मी गप्प होते. त्या महिन्यांत मला दोनदा पित्त झालं, ते उगाच नाही.

तर लंबकरावांनी गुपचूप एक यंत्र मागवलं. त्याच्या चिमट्यात घड्याळ अडकवायचं, यंत्र टिकटिक ऐकतं आणि दिवसाला किती सेकंद मागे-पुढे ते पडद्यावर दाखवतं. पैसे भरले क्रेडिट कार्डाने. कार्ड मुलीने सासरी जाताना हट्टाने काढून दिलेलं, तोवर पाकिटातच होतं.

यंत्र आलं. पहिल्या दिवशी साहेब शीळ घालत होते. दोन आठवड्यांत दोन गिऱ्हाइकं परत आली. ‘लावून दिलंत आणि जास्तच बिघडलं.’ यंत्र तर म्हणत होतं, सगळं ठीक. खोटं कोण बोलतंय, घड्याळ की यंत्र? कानाला विचारायची सोय नव्हती. शेवटी त्यांनी एक रिकामी डबी घेतली. आत चाक नाही, स्प्रिंग नाही, नुसतं घड्याळाचं कवच. ती चिमट्यात लावली. यंत्राने शांतपणे सांगितलं, दिवसाला आठ सेकंद पुढे.

म्हणजे खोटं यंत्रच बोलत होतं. आणि मग त्यांनी तेच केलं जे फक्त दुरुस्ती करणारा माणूसच करू शकतो. ते विकणाऱ्या दुकानदाराला कळवण्याआधी पेचकस घेतला आणि यंत्र उघडलं. ‘सील तुटल्यास वस्तू परत घेतली जाणार नाही’ असं लिहिलेल्या कागदाचे बरोब्बर दोन तुकडे झाले.

“अहो भाऊजी, ते वाचलं नाहीत?”

“वाचलं ना. पण हात थांबेना, वहिनी. बंद पडलेली वस्तू समोर आहे आणि ती उघडायची नाही? ते आपल्याला जमतच नाही.”

आत तारांच्या जोडावर कथलाचा जुना डाग दिलेला होता, ओबडधोबड. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने कोरलेली तारीख, तीन वर्षांपूर्वीची. दुरुस्ती केली की कारागीर आत अशी तारीख कोरून ठेवतात, लंबकरावही ठेवतात. म्हणजे नवं म्हणून विकलेलं यंत्र जुनं होतं, कोणीतरी एकदा ठीकठाक करून विकायला काढलेलं.

दुकानदाराचं उत्तर दोन ओळींचं आलं. सील तुटलंय, विषय संपला.

मग मी म्हटलं, “कार्डाने भरलेत ना? मग बँकेकडे तक्रार करा. वस्तू आलीच नाही किंवा सांगितली तशी निघाली नाही, तर बँक पैसे परत मागून देते. माझ्या पडद्यांऐवजी उशांचे अभ्रे आले होते, तेव्हा मी तेच केलं. मुदत असते फक्त, ती चुकवायची नाही.”

बँक म्हटल्यावर त्यांच्या पाचावर धारण बसली. अर्जाच्या तळाशी ‘खोटी माहिती दिल्यास कायदेशीर कारवाई’ असं होतं. त्यांना ती ओळ सोडून दुसरं काही दिसेना. तिसऱ्या प्रश्नावर तर पेन हातातून पडलं: वस्तू उघडण्याचा किंवा दुरुस्त करण्याचा प्रयत्न केला आहे का?

“‘नाही’ लिहा,” मी म्हटलं. “उचला पेन.”

“तुरुंगात डबा तुम्ही आणाल का?”

“आणीन. लोणचंही घालीन.”

“थट्टा नको हो!” ते ओरडले. मी दचकले. वीस वर्षांत हा माणूस माझ्यावर ओरडला नव्हता. त्यांचे डोळे पाणावले होते. मी मुकाट्याने पेन उचलून दिलं. त्यांनी ‘होय’ लिहिलं, आणि मागच्या कोऱ्या पानभर सगळं लिहिलं. कसं उघडलं, आत काय दिसलं, तारीख कुठे कोरलीय त्याचं चित्रसुद्धा. सोबत फोटो, दुकानदाराची उत्तरं, पावती. सगळं खरं लिहिलं, फक्त एक गोष्ट सोडून.

पुढचे दिवस वाईट गेले. फोन वाजला की ते पांढरे पडत. फोन कापडात गुंडाळून खणात ठेवायला लागले; तरी खण थरथरला की हेही थरथरत. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसं, टपालवाला, मीटर वाचणारा, सगळेच त्यांना बँकेचे वाटायचे. एके दिवशी केसापेक्षा बारीक स्प्रिंग चिमट्यातून तीनदा पडली. घड्याळजीचा कान गेला तर यंत्र आणता येतं. हात गेला तर काय आणायचं? त्या दिवशी मलाही भीती वाटली. हे खूळ मीच त्यांच्या डोक्यात भरलं होतं.

मग बँकेचा निरोप आला. दुकानदाराने तक्रार नाकारलीय, आमचा माणूस गुरुवारी अकरा ते एक फोन करील, न उचलल्यास प्रकरण बंद होईल.

गुरुवारी साडेदहालाच मी खिडकीऐवजी दारातून आत गेले. अक्का ग्रंथालयात असणार होती, म्हणून तर लंबकराव निश्चिंत होते. म्हणजे थरथरत होते, पण एकाच कारणाने. फोन टेबलावर, आवाज मोठा, स्पीकर चालू. अकरा वाजले, सव्वाअकरा वाजले. भिंतीवरची सगळी घड्याळं वेगवेगळं सांगत होती आणि आम्ही दोघं तिकडे बघत होतो.

फोन वाजला. बाईंचा आवाज सभ्य होता, हेच जास्त भीतीदायक.

“दुकानदाराचं म्हणणं आहे, तुम्ही चाळीस वर्षांचे अनुभवी कारागीर. यंत्र पहिल्या दिवसापासून सदोष असतं, तर तुमच्या लगेच लक्षात आलं असतं. तुम्ही दोन आठवडे वापरलंत, मग उघडलंत. म्हणजे बिघाड तुम्हीच केला असणार. दोन आठवडे का लागले?”

लंबकरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

त्याच क्षणी दारात अक्का उभी राहिली. ग्रंथालयात वाळवीचं औषध मारायचं म्हणून लवकर सोडलं होतं. हातात पिशवी, तोंडावर ‘काय चाललंय?’. मी हाताने ‘थांब’ म्हटलं, का ते मलाच माहीत नाही.

“साहेब, ऐकताय ना?” फोन म्हणाला.

लंबकरावांनी बायकोकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं उत्तर झोके न घेता सरळ आलं.

“नाही, ऐकू येत नाही. टिकटिक ऐकू येत नाही मला. तीन वर्षं झाली. ऐकू आलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. ऐकू येत नाही म्हणूनच यंत्र घेतलं.”

मग बाई म्हणाल्या, “हे लेखी पाठवाल का? कानाच्या डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर जोडा.”

फोन बंद झाला. लंबकराव टेबलाची कड धरून बसले होते, आता कुलपाची गोष्ट निघणार म्हणून मान खांद्यात घालून. अक्काने पिशवी खाली ठेवली.

“तीन वर्षं?” ती म्हणाली. त्यांना ऐकू गेलं नाही. ती जवळ आली आणि मोठ्याने म्हणाली, “तीन वर्षं मी भिंतीशी बोलले? मला वाटलं, माझा कंटाळा आलाय तुम्हाला!”

“कंटाळा?” ते घाबरून म्हणाले. “तुझा? मला वाटलं, तूच बोलायची कमी झालीस.”

मी उठले. थांबायची इच्छा फार होती, पण उठले.

डॉक्टरांकडे अक्काच घेऊन गेली. चिठ्ठी जोडली, पत्र दोघांनी मिळून लिहिलं. पुढे पाच आठवडे त्यांची भीती कायम होती. फरक इतकाच की आता दोघंही घाबरत होती. दुकान चालूच राहिलं. संध्याकाळी अक्का त्यांच्या शेजारी स्टुलावर बसते, एकेक घड्याळ कानाला लावते आणि काय ऐकलं ते सांगते. पहिल्या आठवड्यात तिला सगळीच घड्याळं लंगडी वाटली.

परवा दुपारी तिचा आवाज आला. तो आवाज ग्रंथालयात काढला असता, तर घरी बसवलं असतं तिला. “अहो! निकाल आपल्या बाजूने लागला! पैसे कार्डावर परत आलेत!”

मी जिन्यात धावले, तिसऱ्या मजल्यावरच्या लोकांनीही दारं उघडली. खालून लंबकराव काकुळतीला येऊन म्हणत होते, “हळू गं, हळू! बँकेने ऐकलं तर परत मागतील!”