एक लांब, दोन आखूड

हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. ऐकणारा हसेल, म्हणून. चिमणीहून जराशा थोराड पाखरापायी मी सख्ख्या भावाला खोटं पाडलं.

आमचं शेत अवसरी बुद्रुकला. कांद्याला पाणी देताना मी शेतात दारं धरायचो, एक वाफा भरला की पाणी दुसऱ्यात वळवायचो. धाकटा भाऊ विहिरीवर, मोटरपाशी. तिथं खोलगटात मोबाईलला रेंज नाही. सगळे वाफे भरले की मी शीळ घालायचो, एक लांब, दोन आखूड. मग त्यानं मोटर बंद करायची.

एका हिवाळ्यात पाणी मधेच तुटायला लागलं. आधीच लाईटचा भरवसा नाही, त्यात हे. मी चिखल तुडवत विहिरीवर.

"कुणी सांगितलं बंद करायला?"

"तूच शीळ घातली ना, दादा."

"वाफे कोरडे आन् मी शीळ घालतोय व्हय?"

"लई साफ ऐकली मी."

हे रोजचंच झालं. शेवटी वैतागून चारचौघांत म्हणालो, याला भास व्हायला लागलेत. तो मुकाट्यानं मंचरला जाऊन कान तपासून आला. कान ठणठणीत होते. "मग डोकं तपासून घे," मी म्हणालो. त्यानंतर तो मोटरवर आला नाही.

पुढच्या हंगामात मोटर बायकोकडे. पाणी पुन्हा तुटलं. मी ओरडायला तोंड उघडलं, तोच शेजारच्या नांगरटीतून चंडोल उडाला. डोक्यावर तुरा, रंग ढेकळाचा. खाली बसला की शोधून सापडत नाही. हा गातगात वर चढतो आणि कानावर पडेल ते गाण्यात घुसडतो, टिटवी काय अन् बुलबुल काय. वरून माझीच शीळ आली. एक लांब, दोन आखूड.

सांगायला भावाकडे गेलो. ओट्यावर बसून रोपांबद्दल बोललो, थंडीबद्दल बोललो. तेवढ्यात घरामागच्या रानातून तीच शीळ. त्यानं चटकन मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि तशीच खाली घातली.

"काय रे?"

"काय न्हाई, दादा. कुठं काय."

ऐकू येऊनही तो नाही म्हणाला. तेव्हाच बोलायचं होतं. मी मात्र चहात साखर फार झाली म्हणून कुरकुरलो आणि उठलो.

गेल्या वर्षी तो गेला. वाक्य त्या दिवशी ओट्यावरही तयार होतं, आजही आहे. तुझे कान खरे होते, शीळ वाजली होती, माझं चुकलं.