पुंजण्यावरचा साहेब

माझ्या धाकट्या दिराला फ्लेक्स लावायचा भारी सोस. कोणाची बारावी असो, कोणाचं लग्न असो, नाहीतर कोणी नुसता नवा ट्रॅक्टर घेतलेला असो, सानगडीच्या बाजारचौकात फ्लेक्स टांगल्याशिवाय या माणसाला अन्न गोड लागत नाही. माझा मुलगा नागपूर विद्यापीठातून एमएस्सी झाला, वनस्पतिशास्त्रात. आमच्या घराण्यात इतका शिकलेला तो पहिलाच. पुढे तो राज्यसेवेची पूर्वपरीक्षा पास झाला आणि दिरानं फ्लेक्स लावला. फ्लेक्सवर मुलगा उसन्या कोटात उभा आणि खाली बोटभर जाड अक्षरं: ‘भावी उपजिल्हाधिकारी’.

पूर्वपरीक्षा म्हणजे नुसता उंबरठा, घर पुढेच असतं. हे जन्मभर शाळेत शिकवत आलेल्या बाईला कळू नये का? पण नाही कळलं. दीर फ्लेक्स लावून थांबला, मी तर गावभर पेढे वाटले.

पुढची परीक्षा काही निघाली नाही. त्याच्या पुढचीही नाही. फ्लेक्स कधी उतरला ते आठवत नाही, पण शेतकऱ्याच्या घरात तसलं जाड कापड कोणी फेकत नाही. धान कापून, भारे बांधून शेतात त्यांचं उंच पुंजणं रचलं की आमचे हे तोच फ्लेक्स त्याच्यावर पांघरू लागले. कडेनं दगड ठेवायचे, आणि आमचा साहेब आभाळाकडे पाहत धानावर उताणा.

मुलगा नागपूरलाच राहिला. फोन केला की एकच उत्तर, “अभ्यास सुरू आहे, आई.” आधी दर रविवारी फोन यायचा, मग आम्हीच करायला लागलो, मग तो उचलेनासा झाला. दिवाळीला पाहुण्यासारखा यायचा आणि भाऊबीज झाली की पळायचा. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. लेकीबाळी, जावई, सोयरे सगळे येतात, घराघरात तेलाची कढई चढते. त्या मंडईला मात्र तो येईना. कारण मला ठाऊक होतं. मंडईत भेटणारं प्रत्येक माणूस विचारतं, “मंग, साहेब कधी होतेस?”

आणि मला भलतीच भीती वाटायची. कशाची ते आता सरळ लिहिते. अभ्यास करून करून थकलेल्या पोरांनी जीव दिल्याच्या बातम्या पेपरात येतात ना, त्याची. अशी बातमी दिसली की यांच्या नजरेला पडू नये म्हणून मी ते पान चुलीत घालायची. एक दिवस पेपर उघडला तर पान आधीच गायब होतं. तेव्हा कळलं की हेही माझ्यासाठी तेच करत होते. फोन बंद लागला की रात्रभर दोघंही जागे, आणि दोघंही झोपेचं सोंग घेऊन पडलेले.

यंदा कापणी झाली आणि अवकाळी पाऊस आला. भिजलेल्या धानाचा पंचनामा करायला नवीन तलाठी आली. पंचविशीतली पोरगी, कमरेला ओढणी खोचून चिखलातून चालत होती. आमच्या बांधावर आली आणि पुंजण्याकडे पाहून थबकली.

“अय्या! हे तर मेसवाले भाऊ!”

मी म्हटलं, “कोण मेसवाले?”

“अहो काकू, हे. विद्यापीठाच्या मागे खानावळ आहे त्यांची. मी तिथंच जेवून शिकले. कोटात काय दिसतात! आम्ही यांना नेहमी टॉवेलातच पाहिलं.” मग तिनं अक्षरं वाचली, माझ्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. “तुमचा मुलगा का?”

मला राग यायला हवा होता. इतके दिवस खोटं बोलला कार्टा! पण माझ्या तोंडून भलतंच निघालं. “हसते का वो तो?”

“हसतात? काकू, बडबड करून कान खातात! कोणी उपाशी झोपायला निघालं तर दारातून ओढून आणतात.”

माझा जीव भांड्यात पडला. मी तिथंच ओल्या बांधावर बसले आणि यांना हाक मारली. हे धावत आले, त्यांना वाटलं मला विंचू चावला.

पोरीला घरी नेऊन लाखोरीच्या डाळीचे वडे वाढले. मी त्यात भाजलेला जवस भरडून घालते, गाव मला त्यावरून हसतं. तिनं एक घास घेतला आणि म्हणाली, “हेच ते. मेसमध्ये गुरुवारी असतात.” मग तिनं सगळं सांगितलं. त्या खानावळीतल्या ताटांवरून उठून कोण कुठं गेलं म्हणता! एक जण जंगलखात्यात अधिकारी. एक फौजदार. एक पोरगी झाडीपट्टीच्या नाटकात नायिका, हंगामभर कंपनीच्या गाडीतच राहते. एक जण लाखनीला हायवेवर जुने ट्रॅक्टर विकतो आणि फौजदारापेक्षा जास्त झोकात राहतो. “येत्या रविवारी विद्यापीठात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे,” ती म्हणाली. “जेवण भाऊंकडेच आहे. याल?”

मी गेले. यांना म्हटलं, “तुमी येऊ नका, तुमी रडसाल.” हे म्हणाले, “अन् तू?” मी पिशवी उचलली.

मंडपात शाल-श्रीफळ चाललं होतं. जंगलखात्यातला आला, नाटकातली आली, तिला तर साऱ्यांत जास्त टाळ्या. प्रत्येक नावाला माझे कान उगाच टवकारत होते. आईची जात, दुसरं काय! शेवटी उठले आणि मंडपाच्या मागे गेले.

तो तिथं होता. डोक्याला टॉवेल, हातात झारा, समोर ही मोठी कढई. दोन बायकांना काहीतरी सांगून हसवत होता. माझ्याकडे वळला आणि हसणं तोंडावरच राहिलं.

“आई... तू कशी आलीस?”

एसटीत बसून मी केवढं भाषण तयार केलं होतं! एक शब्द आठवेना. मी परातीतला एक वडा उचलून खाल्ला. “जवस कमी टाकून राहिला तू.”

“महाग झाला आहे,” तो म्हणाला.

“काहून सांगतलं नाही रे?”

तो कढईत पाहत राहिला. वडे करपायला लागले तरी हलेना. मग म्हणाला, “तू पेढे वाटले होतेस ना.”

कोणी कानाखाली मारावी तसं झालं मला. इतके दिवस मी लोकांना दोष देत होते, सोयऱ्यांना, मंडईला, दिराच्या फ्लेक्सला. पोरगा मात्र माझ्या पेढ्यांना भीत होता.

“अरे बाप्पा,” मी म्हटलं, “ते पेढे लोकायनं खाल्ले, पचवले, इसरले बी. तूच कायले आजवर तोंडात धरून बसला? थुंक ना!”

आधी तो हसला, मग रडला, मग म्हणाला, “वडे जळले, सरक.” मी सरकले नाही. पदर खोचला आणि दुसरा घाणा मीच सोडला. मंडपात भाषणं चालूच होती, आम्हाला काही ऐकू आलं नाही. निघताना एवढंच म्हटलं, “मंडईले येजो.” तो हो म्हणाला नाही, नाही पण म्हणाला नाही.

मंडईच्या सकाळी हे उगाच तीनदा बसथांब्यावर जाऊन आले. चौथ्या खेपेला बापलेक दोघं आले. पोरानं पिशवी ठेवली, हात धुतले, आणि कोणी सांगायच्या आधी कढईपाशी बसला. ओसरी पाहुण्यांनी भरली होती. मी आत पीठ फेटत होते, आणि खरं सांगते, इतकं हलकं मला सेवानिवृत्त झाले त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

तेवढ्यात माझा दीर आला. आला तो सवयीनं बोललाच, “मंग, साहेब कधी होतेस?”

हे सुपारी कातरायचे थांबले.

पोरानं झाऱ्यावरचे दोन वडे त्याच्या ताटलीत टाकले. “साहेब नाही होत, काका. खानावळ चालवतो. विद्यापीठाच्या मागं. जेवून पाहा एकदा येऊन.”

दिरानं एक वडा खाल्ला. दुसरा खाल्ला. बोटं चाटली आणि एकदम माझ्यावर डाफरला, “वहिनी, इतकी मोठी गोष्ट, अन् मले सांगतली नाही? फ्लेक्स नसता लावला का मी?”

“लावा ना काका,” पोरगा म्हणाला, “पण या बारीला ‘भावी’ नका लिहू.”