शेवटच्या कडव्यातलं नाव

भिंतीवरच्या कॅलेंडरचं खालचं टोक पंख्याच्या वाऱ्याने दोन बोटं उचलतं, तिथेच थरथरत राहतं आणि चार मोजले की खाली पडतं. कौसल्याबाईंनी हे पाच वेळा मोजलं आहे. दुपारचे दोन वाजलेत. चारला विद्यापीठातल्या नरवाडेबाई त्यांचं गाजलेलं भीमगीत रेकॉर्ड करायला येणार आहेत, त्याआधी जरा पाठ टेकली आहे. सहाव्या वेळी टोक उचलतं, ते खाली येतच नाही.

"मोजणं चुकलं का गं, कौसे?"

पायथ्याशी अनुसयाआक्का बसल्या आहेत. त्यांना जाऊन तेवीस वर्षं झाली. केसांत कापसाचे तंतू अडकलेत, जिनिंगमधून थेट आल्यासारखे. तिथेच कापूस निवडता निवडता त्या गाणी रचत. लिहिता येत नव्हतं. कौसल्या सातवी शिकलेली, ती वहीत उतरवून घ्यायची आणि मागे कोरस धरायची. नऊ कॅसेटी निघाल्या. प्रत्येकीवर आक्कांचा फोटो, आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात रीतीप्रमाणे आक्कांचं नाव.

"आक्का, चहा टाकू?"

"जित्ती व्हते तवा इचारायचं."

दोघी आता रेशनच्या रांगेत उभ्या आहेत. रांगेच्या तोंडाशी काट्याऐवजी माइक आहे. दुकानाच्या भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेत. काचेपलीकडे कॅसेट कंपनीचा माणूस शेंगदाणे खातो आहे. आक्कांचा घसा गेला आणि दहावी कॅसेट कौसल्याने गायली, तेव्हा बोलला होता तेच, त्याच सुरात बोलतो, "आजारी बाईचं नाव कशाला? गळा तुमचा, फोटो तुमचा. नावही तुमचंच टाका."

"म्हण की," आक्का म्हणतात. "मागं बाया खोळंबल्यात."

कौसल्या गाते. शेवटचं कडवं येतं. 'अनुसया म्हणे, पाटी पुसू नका' असं म्हणायचं ती मनाशी ठरवते, आणि तोंडातून निघतं, 'कौसल्या म्हणे'.

आक्का मान हलवून ठेका धरतात आणि नेमक्या तिथेच थांबतात. "माझ्या नावाला पाच मात्रा, तुझ्या नावाला सहा. एवढी वर्सं ती सहावी कुठं लपवतीस?"

"ढोलकीवाला सांभाळून घेतो."

"आन् तुला?"

रांगेतल्या बायका खाली बसतात. मैदान झालं आहे, निळे झेंडे आहेत. भोंग्यावर कौसल्याच गाते आहे. स्टेजच्या कडेला उलट्या घमेल्यावर आक्का, गळ्याभोवती शाल. त्या वर्षीच्या जयंतीला त्या अशाच बसल्या होत्या. आपलं गाणं शेवटच्या कडव्यापर्यंत ऐकलं, मग उठून आल्या, कौसल्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "चांगलं गायलीस." पाच महिन्यांनी गेल्या. त्या दोन शब्दांनी कौसल्याला जेवढं खाली पाहायला लावलं, तेवढं कुणाच्या शिव्यांनी लावलं नसतं.

"आक्का, तवा बोलली का नाहीस?"

"घसा गेलता ना माझा." आक्का खळखळून हसतात. कौसल्याला हसू येत नाही. तिला आक्कांच्या तोंडाकडे बघवतही नाही. ती घमेल्याच्या कडेकडे बघते.

"शिव्या तरी द्यायच्या."

"दिल्या असत्या तर तू त्याच दिवशी मोकळी झाली असतीस."

"मग आता काय करू?"

"मेलेल्या बाईला इचारतीस व्हय?" आक्का कनवटीची डबी काढतात आणि चिमूटभर मिश्री कौसल्याच्या तळहातावर ठेवतात. "घे. गाण्याआधी तोंड धुवावं माणसानं."

"आई, उठा. नरवाडेबाई आल्यात."

सून प्रज्ञा दारात उभी आहे. कौसल्याबाई उठून बसतात. उजव्या तळहाताच्या रेषांत काळी, जाडसर पूड बसली आहे. त्या हुंगून पाहतात. जळक्या तंबाखूचा वास. त्यांनी जन्मात कधी मिश्री लावलेली नाही आणि या घरात लावणारं कुणी नाही. त्या हात पुसत नाहीत. मूठ मिटून बाहेरच्या खोलीत येतात.

नरवाडेबाईंनी माइक लावला आहे. "आधी थोडी माहिती सांगता का, बाई? गीत कुणाचं?"

"अहो, आईंचंच की," पाणी ठेवता ठेवता प्रज्ञा अभिमानाने सांगते. "माझ्या माहेरी तर या गाण्यावरून मला अजून 'पाटीवालीची सून' म्हणतात."

मशीनवरचा लाल दिवा लागलेला आहे. हो म्हणायचीसुद्धा गरज नाही. नुसतं हसलं तरी चालेल, आजवर चाललंच आहे. कौसल्याबाईंच्या कानांच्या पाळ्या तापतात. सुनेकडे न बघता त्या माइकजवळ सरकतात.

"गाणं अनुसया लोखंडेंचं आहे. शेवटच्या कडव्यात त्यांचं नाव होतं. ते काढून मी माझं घातलं."